राखेच्या संडासाची परीक्षा

तासगावच्या कडेला, कातळावरच्या वस्तीत गटार कधीच पोचलं नाही. निवडणुकीचे फलक मात्र वेळेवर पोचत. म्हणून एका संस्थेनं तिथं सहा घरांत मिळून एक बिनपाण्याचा संडास बांधून दिला. खाली दोन कप्पे. वापर झाला की वरून मूठभर राख टाकायची. एक कप्पा भरला की वर्षभर बंद ठेवायचा आणि दुसरा वापरायचा. आत खत होतं, असं संस्थेचे लोक म्हणाले. वस्तीनं ऐकून घेतलं, कारण चहा संस्थेचा होता.

किल्ली भामाबाईंकडं. वीस वर्षं त्या बेदाण्याच्या शेडवर निवडीला. मूठ आवळली की माल वाळलाय की दोन दिवस कमी पडलेत, हे डोळे मिटून सांगत.

बंद कप्प्याचं वर्ष भरलं. ओलं, वासाचं काही निघालं तर संडासाला कुलूप आणि बायकांनी पुन्हा अंधारात ओढ्याकडं निघायचं, हे ठरलेलं. उपसायचं कुणी, हे ठरलं नव्हतं; पण सगळ्यांनी भामाबाईंकडं पाहिलं.

"आवं, किल्ली तुमच्याकडंच हाय की," शेजारची राहीबाई म्हणाली.

"किल्ली हाय, फावडं न्हाई. माज्या सासऱ्यानं छप्पन साली धम्म घेतला, तवाच गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. आन् आता सा घरांची घाण मी उपसू व्हय? वाळलं का न्हाई ते मी सांगीन. उपसायचं ज्यानं त्यानं."

सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. शेवटी मिलिटरीतून निवृत्त झालेले हवालदार हंबीरराव पुढं झाले. "लेहकडं गावात असलेच संडास. घरमालक सोता उपसून शेतात न्हेतो. आमी बघितलंय."

"मग वरीसभर ह्या संडासाला हसत का हुता?" राहीबाईनं विचारलं.

"सकाळच्या लायनीत सगळीच हसत हुती."

कप्प्याची फळी निघाली. हंबीररावांनी श्वास रोखून पहिलं फावडं बाहेर टाकलं आणि श्वास रोखलेलाच ठेवला. भामाबाईंनी मूठ भरली, आवळली, उघडली. काळसर, भुसभुशीत माती बोटांतून सुटली. त्यांनी ती नाकाशी नेली.

"वाळलंय. एक नंबर माल. हवालदार, सोडा आता श्वास!"

मग सहाही घरांतून फावडी निघाली. खत द्राक्षबागवाल्याला द्यायचं की दारच्या कढीपत्त्याला, यावरून भांडणही लागलं. भामाबाई साबणानं हात धुऊन पायरीवर बसल्या आणि "त्यो कोपरा ऱ्हायला" एवढंच अधूनमधून सांगत राहिल्या. बाकीचे घाम गाळताहेत आणि आपण बसून चांगलं-वाईट ठरवतोय, असा त्यांच्या घरात कुणाच्या वाट्याला आलेला हा पहिलाच दिवस. तो त्यांनी मांडी घालून, सावकाश भोगला.