साबणाच्या डबीतला आवाज

शाळा सुटली की मुळेबाई मोटरसायकलवर बसायच्या, किल्ली फिरवायच्या आणि मग काहीच करायच्या नाहीत. मान थोडी खाली घालून हँडलकडे बघत राहायच्या. हँडलच्या खाली एक हिरवी साबणाची डबी पट्ट्यांनी आवळून बांधलेली होती. तिच्यातून एका मुलाचा आवाज यायचा, "आई, स्टँड वर घे. हळू जा." त्यामागोमाग कुकरची एक शिट्टी. ती शिट्टी पूर्ण विरेपर्यंत बाई थांबायच्या. मग अगदी हलक्या आवाजात म्हणायच्या, "घेतलं रे," आणि टाचेने स्टँड वर घेऊन किक मारायच्या.

फाटकाजवळ उभी असलेली मुलं एकमेकांना कोपरं मारायची. "बाईंची आरती झाली रे, आता गाडी निघंल!" मलाही हसू यायचं. मी तेव्हा अकरावीत होते. शेवगावपासून जवळच असलेल्या आमच्या शाळेत बाई भौतिकशास्त्र शिकवायच्या. रस्ता काळ्या मातीचा, पावसात स्कूटीची चाकं रुतून बसायची, म्हणून बाई मोटरसायकल चालवायच्या. साडीचा पदर खोचून, पाठ ताठ ठेवून, कुणाकडेही न बघता.

त्याच वर्षी मी त्यांच्या घरी राहायला गेले आणि माझं हसू थांबलं. माझी आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला जायचे. ते गेले की मी चुलत्यांकडे राहायचे आणि माझी शाळा बुडायची. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी दादांना शाळेत बोलावून घेतलं. "मनीषा माझ्याकडे राहील," त्या म्हणाल्या. दादा टोपी हातात धरून उभे होते. मग म्हणाले, "बाई, पोरगी लई खाती बरं का." बाई म्हणाल्या, "खाऊ द्या. माझ्या घरात खाणारं कुणी नाही."

खरंच कुणी नव्हतं. सर, म्हणजे बाईंचे यजमान, फार आधी वारले होते. एकुलता एक मुलगा मंदार डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना तापाने गेला. हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं, कारण बाई त्याचं नाव घेत नसत. स्टँड खालीच राहिल्यामुळे एका वळणावर बाई पडल्या होत्या, म्हणून मंदारने सुट्टीत ती डबी तयार केली होती. डबी न्हाणीघरातली, स्पीकर जुन्या खेळण्यातला. स्टँडजवळ एक चुंबक आणि छोटा स्विच, म्हणजे स्टँड खाली असताना किल्ली फिरवली की डबी बोलायची. आवाज त्याने स्वयंपाकघरात उभं राहून भरला होता. बोलून झाल्यावरही दोन क्षण बटण दाबलेलंच राहिलं, म्हणून शिट्टीही आत गेली. त्या शिट्टीच्या वेळी ओट्याशी बाई उभ्या असणार, हे मला एकदा भांडी घासताना अचानक जाणवलं.

डबी उघड्यावर, आणि आत उघडं सर्किट. पाण्याचा एक थेंब पुरे होता. बाईंचं सगळं आयुष्य आता त्या थेंबाशी भांडण्यात चाललं होतं. मी एकदा न राहवून म्हटलं, "बाई, मोबाईलमध्ये भरून ठेवू या ना तो आवाज. मग भीती नाही." त्या भाजी चिरत होत्या. चिरतच म्हणाल्या, "मोबाईलमधला मी बोलावल्यावर बोलेल. हा न बोलावता बोलतो." 

बाई शेवगावच्या बाजारातून अगदी तशाच हिरव्या डब्या आणायच्या आणि आधी त्यांच्यावर प्रयोग करायच्या. दुकानदार म्हणायचा, "बाई, दिवसातनं किती आंघोळी करता हो?" बाई म्हणायच्या, "अजून स्वच्छ झाले नाही." घरी आल्यावर डबीच्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवायची, फटीत मेण ओतायचं, आत पांढऱ्या कागदावर चिमूटभर कुंकू ठेवायचं, झाकण लावायचं आणि बादलीत बुडवून वर पाटा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी उघडून बघायचं. कुंकू कोरडं असलं तर डबी पास. कागद लाल झाला असला तर नापास. देवघरातली कुंकवाची करंडी आता याच एका कामाला यायची. वायरीही वरून सरळ आत शिरू द्यायच्या नाहीत. "आधी खाली झोका दे, मग वर ने," त्या मला शिकवायच्या. "पाणी झोक्याच्या तळाशी येऊन गळून जातं. त्याला चढण आवडत नाही."

शेवटी एक डबी अशी जमली की कितीही बुडवली तरी कुंकवाचा कण हलेना. नळाच्या सांध्याला लावतात तो मसाला मळून त्यांनी तिच्या चारी बाजू लिंपल्या होत्या. तस्साच मसाला खऱ्या डबीला लावला. एक केसही आत जाणार नाही इतकी ती बंद झाली. त्या संध्याकाळी बाईंनी शिरा केला.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात दादांना घोडेगावच्या गुरांच्या बाजारात बैलगाडीसाठी बैल घ्यायचा होता. तिथूनच पुढे आई-दादा तोडीला निघणार होते, म्हणून त्यांची भेट व्हावी यासाठी बाई मला मोटरसायकलवर बसवून तिथे घेऊन गेल्या. ऊन असं होतं की गाडीच्या सीटला हात लावता येईना. सगळी दुपार गाडी त्या उन्हात उभी होती. निघायच्या वेळी दादा म्हणाले, "बाई, तुमची गाडी बोलती म्हनं? आमचा बैल बी बोलतो, पन कामाचं कायच न्हाई बोलत." बाई हसल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली. माझी आई वाकून, कान डबीजवळ नेऊन ऐकत राहिली.

"लई कवळा आवाज हाय," ती म्हणाली. "कुनाचं लेकरू?"

"माझं," बाई म्हणाल्या.

 आईने बाईंच्या खांद्यावरून सरकलेला पदर नीट केला.

मग एकाएकी आभाळ भरून आलं आणि परतीचा पाऊस कोसळला. आम्ही बैलांच्या शेडखाली थांबलो. पाऊस ओसरल्यावर बाईंनी किल्ली फिरवली. डबीतून नुसती खरखर आली. पुन्हा फिरवली. खरखरसुद्धा नाही. बाईंचा चेहरा मला मागून दिसत नव्हता. त्यांनी किक मारली आणि गाडी पुढे काढली. स्टँड खालीच होतं.

"बाई, स्टँड!" मी ओरडले.

त्यांनी ब्रेक दाबला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. कुणी हाक मारली ते आधी कळलं नाही, आणि कळल्यावर नकोसं झालं, असं ते बघणं होतं. 

घरी आल्यावर त्यांनी करवतीच्या पात्याने डबी कापून उघडली. आत पाणी साचलं होतं. बाई ओल्या साडीनेच जमिनीवर बसल्या होत्या. त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "आतली हवा तापली, कुठून तरी थोडी बाहेर पडली. वरून पाऊस आला, डबी गार झाली, उरलेली हवा आकसली. तिला आणखी हवा हवी होती, मी कुठून यायला जागाच ठेवली नाही. मग तिने पाणी ओढून घेतलं." मग म्हणाल्या, "दरवर्षी फळ्यावर लिहिते मी हे. आणि प्रयोग केले सगळे गार बादलीत. मंदारने मला वेड्यात काढलं असतं."

हे नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

स्पिरिट आणि टूथब्रशने आम्ही सर्किट साफ केलं, तांदळाच्या डब्यात वाळवलं. जोडल्यावर ते बोललं. पण आवाज बदलला होता. आवाजाचा वेग ठरवणाऱ्या रोधकाचा, म्हणजे रेझिस्टरचा, पाय गंजला होता, त्यामुळे सगळं संथ आणि जड झालं होतं. "आई… स्टँड वर घे…" मुलाचा आवाज राहिलाच नव्हता. कुणीतरी तिशीचा माणूस बोलत होता. कुकरची शिट्टी शुगर फॅक्टरीच्या भोंग्यासारखी लांबलचक झाली होती.  मी सोल्डरिंग आयर्न तापवलं. रोधक बदलला की जुना आवाज परत आला असता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. बाईंनी माझा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"बाई, एका मिनिटाचं काम आहे."

"माहीत आहे. राहू दे. असंच."

मला वाटलं, चिपच जळेल म्हणून त्या घाबरल्या असतील. मी आयर्न बाजूला ठेवलं. त्यांनी दाभण तापवून नव्या डबीच्या तळाला बारीक भोक पाडलं. "श्वास घ्यायला जागा ठेवायची," त्या म्हणाल्या, "पण खालच्या अंगाला." पुढे आई-दादांच्या आठवणीने मी पांघरुणात तोंड दाबून रडत असले, की हेच वाक्य दारातून ऐकू यायचं. मग मी मोकळेपणी रडायचे आणि त्या चहा करायच्या.

एकदा पावसाळी हवेत आम्ही दुपारचं जेवत होतो. गाडी अंगणात उभी होती, किल्ली खुंटीवर. आणि बाहेरून आवाज आला, "आई… स्टँड वर घे… हळू जा…"  बाई शांतपणे म्हणाल्या, "हवा दमट आहे. तारेवर ओल आली असेल." पण त्या ताटावरून उठल्या, हात धुतले, अंगणात गेल्या. "घेतलं रे," म्हणालेलं मला ऐकू आलं. परत येऊन त्यांनी आमटी वाढून घेतली.

मी पदवी घेतली, बी.एड. केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नोकरी लागली तेव्हा बाईंचे गुडघे गेले होते. "गाडी तू ने," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "डबी काढून तुमच्या उशाशी ठेवते." त्या म्हणाल्या, "नको. गाडीशिवाय तो कशाला बोलेल? त्याला काम लागतं. फक्त उत्तर देत जा."

त्या होत्या तोवर मी त्यांच्या वतीने उत्तर देत होते. मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. त्यानंतर किल्ली फिरवली की मला उत्तर देता यायचं नाही. तो आई म्हणतो, आणि ती मी नाही. भोंगा विरायचा, आणि नंतरच्या शांततेत कुणीतरी वाट बघत उभं आहे असं वाटायचं. मी तशीच निघायचे. दिवसभर वर्गात पाठीमागे कुणी असल्यासारखं वाटत राहायचं.

आता आई-दादा माझ्याकडेच राहतात. परवा सकाळी आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. मी किल्ली फिरवली. आईने मान वर केली.

"हे त्या बाईचंच लेकरू ना गं? घोडेगावला बोललं हुतं ते?"

"हो."

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मोठं झालं की गं."

भोंगा लांबत लांबत विरला. आईने सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली, गाडीजवळ आली आणि डबीकडे वाकून म्हणाली, "घेतलं रं बाबा, घेतलं."

मी टाचेने स्टँड वर घेतलं.