सुटली तं पकडतो

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या लिफ्टिंग मशीनच्या आसपास थोडे दिवस काढलेत, तर किस्से शोधावे लागत नाहीत. ते अंगावर पडतात. सावली गावाजवळच्या एका फरशीच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे, म्हणजे आधी माझ्या अंगावर पडतात. तुम्ही हसाल. खुशाल हसा. मला तेव्हा रडू येत होतं!

मशीन तशी साधी. क्रेनला रबराच्या चार मोठ्या वाट्या टांगलेल्या. त्या फरशीवर टेकवायच्या, मधली हवा पंपाने ओढून घ्यायची, की दोन क्विंटलची फरशी चिकटून वर येते. हवा आत शिरली की सुटते. शिकवायला आलेल्या माणसाने तीनच गोष्टी सांगितल्या. वाट्या स्वच्छ ठेवा, पकड ढिली पडली की सायरन वाजतो, तो वाजला की फरशी लगेच खाली टेकवा, आणि लटकलेल्या फरशीखाली कोणी जायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथेच मला शंका यायला हवी होती.

*

आमचे ऑपरेटर देवरावभाऊ. वयाने माझ्या वडिलांएवढे, कामात एक नंबर. मशीनचा रिमोट हातात असतो, तो लांब उभं राहता यावं म्हणून. भाऊ एका हातात रिमोट धरायचे आणि दुसरा हात लटकत्या फरशीला खालून लावून तिच्यासोबत चालायचे.

मी ओरडले, तर शांतपणे म्हणाले, "हात लावून ठेवतो नं मॅडम. सुटली तं पकडतो."

दोन क्विंटल! एका हाताने!

*

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. मी सुट्टीवर होते, हीच चूक. परत आले तर फरशी उचलेना. पंप धडधडतोय, दाबाचा काटा हलत नाही. मेकॅनिकला फोन करणार, तेवढ्यात वाट्या उलटून पाहिल्या. चारही वाट्यांच्या आत हळदकुंकू, अक्षता आणि वर नारळाच्या पाण्याचा थर वाळलेला. पूजा बाहेरून का नाही केली, असं विचारलं.

भाऊ म्हणाले, "देव आतमंदी असते नं मॅडम."

अर्धा दिवस वाट्या पुसण्यात गेला. पुसल्या देवरावभाऊंच्या बायकोने, शांताबाईने. आवाराची झाडलोट तिच्याकडेच असते. पुसताना ती नवऱ्याला जे बोलली, ते इथे लिहिता येत नाही.

*

मग सायरन बंद पडला. आठवडाभर मी खूश, की काम सुधारलं. एक दिवस सहज वर चढून पाहिलं, तर भोंग्यात चिंधी कोंबलेली.

"दिवसभर बोंबलून राह्यला होता," भाऊ म्हणाले. "आन् बोंबलाले तुमी हायच नं."

चिंधी मी स्वतः उपसून काढली आणि त्यांच्यासमोर जाळली.

*

शेवटी मी मशीनखालच्या जागेभोवती पिवळा पट्टा मारून घेतला. पट्ट्याच्या आत पाय टाकायचा नाही, असं सगळ्यांना दम देऊन सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मालक पाहुणे घेऊन आले. लटकत्या फरशीखाली सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि मलाच फोटो काढायला लावला. मी दात-ओठ खात काढला. त्यानंतर पट्ट्याला कोण विचारतो? भाऊ पुन्हा फरशीला हात लावून चालायला लागले. संध्याकाळी ते धडधाकट घरी गेले की मला जेवण गोड लागायचं. बाकी पगार वगैरे ठीक आहे.

*

उन्हाळा लागला. शांताबाई पहाटे मोहफुलं वेचून थेट कामावर यायची. आमचं आवार उघडं, ऊन कडक, आणि पट्ट्याच्या आतली जागा झाडून लख्ख. क्रेन सुरू व्हायच्या आधी तिने तिथे मोह वाळत घातला. मी रागावणार होते. पण पाहिलं तर एकही माणूस आत पाय टाकेना! सगळे पट्ट्याच्या बाहेरून वळसा घालून जात होते. शांताबाईने नवऱ्याला बजावलंच होतं, "फुलावर पाय पडला तं पाहा." भाऊ मशीनला भीत नव्हते, मला तर नाहीच. मी मोह तसाच राहू दिला. आयुष्यात पहिल्यांदा मला मोहाचा वास आवडला.

एका दुपारी फरशी वर असताना सायरन वाजला. खाली टेकवायचं बटण भाऊंच्या हातात होतं. ते दाबायचं सोडून भाऊ दुसरा हात वर करून धावले. मी किंचाळले. ते काही त्यांना ऐकू गेलं नाही. पट्ट्यापाशी पोचले, खाली मोह दिसला, आणि उचललेला पाय तसाच मागे घेतला.

फरशी पडली. मी तिथेच खाली बसले. शांताबाई झाडू टाकून पळत आली आणि नवऱ्याचे हात धरून उलटसुलट करून पाहायला लागली.

देवरावभाऊंनी वाकून फरशीखाली चेंगरलेला मोह पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहा मॅडम. हात लावू देल्ला असता, तं मोह वाचला असता."