तुरीचा भाव आणि आमचा अंदाज

अंदाज बरोबर आला की कुणाच्या लक्षात राहत नाही. चुकला की त्याचा किस्सा होतो! त्यामुळे आमच्या ऑफिसात किश्श्यांना कधी तोटा नव्हता.

काम एवढंच. पेरा, पाऊस, बाजारातली आवक बघून तुरीचा भाव चढेल की उतरेल याचा सरकारी अंदाज काढायचा आणि शेतकऱ्यांच्या मोबाईलवर पाठवायचा. अंदाज काढायचे जोशी सर. मी कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैलूरची, त्यांची असिस्टंट. मराठी-कन्नड दोन्ही येतं, म्हणून शेतकऱ्यांचे फोन माझ्याकडे. म्हणजे शिव्याही माझ्याकडेच!

*

पहिल्याच वर्षी सरांनी छातीठोक सांगितलं, "तूर चढणार." तूर आपटली. पाठोपाठ आळंदला शेतकऱ्यांची मीटिंग. सर जीपमधून उतरायलाच तयार नाहीत!

शरणप्पा अण्णा म्हणून एक वयस्कर शेतकरी उभे राहिले. मी मान खाली घातली.

"सर, चढंल म्हणलाव, चढलं की!"

"काय चढलं?"

"माझं बीपी!"

सगळा हॉल हसला. मग अण्णांनीच सरांसाठी चहा मागवला. म्हणाले, "आमचा बी अंदाज चुकतोय की. तुमी निदान तोंड दाखवायला आलाव."

*

पुढच्या वर्षी सर सावध. मेसेज असा: "भाव स्थिर राहतील. किंचित वाढ किंवा किंचित घट संभवते."

सकाळीच गंगाक्कांचा फोन. आळंदजवळच्या खेड्यातल्या, नवरा गेल्यापासून एकट्या शेती बघायच्या.

"बाई, आमच्या गावची सुईण बी असंच सांगायची. पोरगं व्हईल, न्हाईतर पोरगी. जल्मात चुकली न्हाई!"

फोन स्पीकरवर होता. सरांनी तो मजकूर पुन्हा कधी वापरला नाही.

*

मन्नाएखेळ्ळी गावचे एक अप्पा होते. त्यांचा फोन आला. "मॅडम, काय म्हणायलेत सर?"

"चढणार म्हणतायत."

"मग आजच विकतो!"

तूर उतरली. सीझन संपल्यावर अप्पा पेढे घेऊन ऑफिसात हजर. "लई उपकार झाले सर. असंच सांगत ऱ्हावा!"

सर कितीतरी वेळ पेढा हातात धरून बसले. मग खाल्ला.

*

बरोबरही यायचे हो अंदाज. बऱ्याचदा यायचे. फक्त त्या दिवशी फोन वाजायचा नाही.

*

एका वर्षी मेसेज गेला, "तूर उतरणार, लवकर विका." आणि थोड्याच दिवसांत भाव असा चढला की विचारू नका! गंगाक्कांनी मेसेज आल्या आल्या सगळी तूर विकली होती. हे कळल्यावर सरांना जेवण गोड लागेना. "चला, त्यांच्याकडे जाऊन येऊ," म्हणाले.

दारातच सरांनी हात जोडले. "अक्का, चुकलं माझं. तुमचं नुकसान केलं."

"माफी कामून मागायलाव सर?" गंगाक्का उठून उभ्या राहिल्या. "डाक्टरनं लेकीच्या काळजाचं ऑपरेशन सांगितलं होतं. भाव चढू दे, मग करू, म्हणून मी थांबलेली. भाव पडतोय म्हणून तुमचा मेसेज आला. मग कशाला थांबायचं? विकली, आन् तिला नेलं. डाक्टर म्हणला, अजून थांबला असताव तर लेक हाताला लागली नसती."

तेवढ्यात आतून लेक पाण्याचा तांब्या घेऊन आली.

गंगाक्का तिला म्हणाल्या, "महादेवी, सरांच्या पाया पड. ह्यांचं चुकलं, म्हणून तू हायस!"