करपलेल्या खिचडीचं ध्यान
घरात भात करपला की बायको चिडते आणि मी मात्र डोळे मिटून तो वास खोल ओढून घेतो, कारण त्या वासाबरोबर मी थेट मिरजगावजवळच्या आमच्या वस्तीवरच्या शाळेत पोचतो. तिथे रोज जेवणाआधी मी मुलांना ध्यानाला बसवायचो, तेही नाटकातल्या ऋषीसारखा आवाज काढून. एकदा केंद्रप्रमुख साहेब ते पाहायला आले. "काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत," असं मी मुलांना आधीच बजावलं होतं. मुलं पुतळ्यासारखी बसली. "श्वास आत घ्या," मी म्हणालो आणि श्वासाबरोबर शेजारच्या खोलीतून खिचडी करपल्याचा वास आला. स्वयंपाकाच्या मावशी पाण्याला गेल्या होत्या. कितीतरी मुलं घरून उपाशीच आलेली, साऱ्या नाकपुड्या हलत होत्या, पण कुणी उठेना. साहेबांच्या धाकानं मीही नुसतं "श्वास सोडा" म्हणत राहिलो. तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी उठली आणि भिंत चाचपत दाराकडे निघाली. "कुठं गं?" मी दबक्या आवाजात विचारलं. "खिचडी जळती, गुर्जी. डोळं मिटलेलंच हायेत माझं." तिच्याआधी साहेबच धावले आणि त्यांनी पातेलं उतरवलं. मग मुलांच्या पंगतीत बसून पातेल्याच्या तळाची करपलेली खरवड मागून घेत म्हणाले, "पोरीचं ध्यान पक्कं आहे गुरुजी, तुमचंच कच्चं." आता मी नगरातल्या मोठ्या शाळेत आहे. जेवण टेम्पोतून बंद डब्यांत येतं. मुलं ध्यानाला छान बसतात, कुणीसुद्धा उठत नाही. "श्वास आत घ्या," मी म्हणतो आणि एक डोळा किलकिला करून दाराकडे बघत राहतो.