तिसऱ्या खुणेवरचं पाणी

आधीच सांगते, इथले अनुभव वाचून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी एक आहे. बारा गावचं पाणी प्यायलेली केमिस्ट्रीची शिक्षिका... भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. पण जे झालं ते माझ्या घरात, भर दुपारी, सगळ्यांसमोर झालं. "हिनेच काहीतरी केलं असणार" असं ज्यांना वाटेल त्यांना एवढंच सांगते — सुचलं असतं तर नक्की केलं असतं. सुचलं नव्हतं.

ही गोष्ट २००७ च्या हिवाळ्यातली, तेव्हा आम्ही सौदीत यान्बूला होतो. समुद्रकाठचं कारखान्यांचं गाव, आपली माणसं मोजकीच. माझा नवरा शेखर तिथल्या एका प्लांटमध्ये. माझा धाकटा भाऊ मंदारही तिथेच नोकरीला आला होता. साताऱ्याचा मुलगा, सुट्टी मिळाली की पाठीला सॅक. यान्बूत त्याला अविनाश भेटला. आमच्या मराठी मंडळींचा हा स्वयंघोषित ट्रेक लीडर, सगळे त्याला दादा म्हणायचे. मीसुद्धा.

उत्तरेला, तबूकच्या बाजूला, एक लांबलचक वादी आहे. वादी म्हणजे उंच कड्यांमधून गेलेली कोरडी घळ. आत शिरलं की चालायला चारेक दिवस लागतात. आपल्याकडे कुठल्याही गडावर पाण्याचं टाकं सापडतं, त्यामुळे आपल्या लोकांना पाणी न मिळण्याची भीती अशी नसतेच. तिथे मात्र थेंब नाही. म्हणून आधी जीपने जाऊन ठरलेल्या जागी वाळूत पाण्याचे कॅन पुरायचे, जीपीएसवर तिथली खूण करायची आणि मग चालत जाताना ते उकरून काढायचे. दोन वर्षांपूर्वी मंदार या मंडळींबरोबर तिथे पहिल्यांदा ट्रेकला गेला, तेव्हा पुरायचं काम अविनाशने अंगावर घेतलं होतं.

तिसऱ्या खुणेच्या अलीकडे सगळ्यांचं पाणी संपत आलं, तेव्हा मंदार एकटा पुढे गेला. मागच्यांसाठी पाणी घेऊन येतो म्हणाला. तो सापडला तेव्हा एका खड्ड्याशेजारी पडलेला होता. त्याच्या बोटांना नखं राहिली नव्हती.

अविनाश म्हणाला, पोरगं जीपीएस वाचायला चुकलं, भलतीकडेच उकरत बसलं. कॅन कुठे गेले विचारलं तर म्हणे वाळवंटातल्या भटक्या बदूंनी उचलून नेले असतील. हेच त्याने पोलिसांना सांगितलं, हेच फोन करून माझ्या आईलाही सांगितलं. आईने नंतर लोकांत मंदारचं नाव काढणंच सोडलं. मला मात्र दर फोनला एकच विचारायची, "त्याला शाळेत नकाशे किती छान यायचे गं, मग तिथेच कसा चुकला?"

मला मनातून ठाऊक होतं की हा माणूस खोटं बोलतोय. पण हातात काही नव्हतं. दोन वर्षं मी त्याच्या घरची हळदीकुंकवाची, गणपतीची आमंत्रणं टाळत राहिले आणि दातओठ खात राहिले.

आणि मग एका शुक्रवारी हे महाशय आमच्या घरी हजर. सोबत गूगल अर्थचे रंगीत प्रिंटआउट्स. त्याच वादीत पुन्हा ट्रेक काढायचा होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'मंदार स्मृती ट्रेक'! बॅनरही करायचा होता म्हणे. शेखरची जीप हवी होती, आणि मंदारचं जीपीएस, कारण त्यात जुना मार्ग होता. ते माझ्याकडे होतं. मला वाटलं त्या माणसाचा गळा धरावा, पण शेखरने डोळ्यांनी गप्प बसवलं.

दापोलीचा साजिद जुम्म्याची नमाज आटोपून आला. मंदारसोबत पहिल्या ट्रेकला तोही होता. तिघे कार्पेटवर नकाशा पसरून बसले. मी मुद्दाम पाणी विचारलं नाही. आल्यागेल्याला पाणी न विचारणं माझ्या माहेरी कधी झालं नव्हतं, पण त्या दिवशी मला ते करायचंच होतं. शेवटी शेखर उठला आणि स्टीलचे पेले भरून घेऊन आला.

अविनाशने पेला तोंडाला लावला आणि हसत खाली केला.

"शेखर, रिकामाच दिलास रे."

शेखरने जगमधून पुन्हा भरला. मी समोर उभी होते, पाणी काठापर्यंत आलेलं मी पाहिलं. अविनाशने नकाशावर पहिली खूण दाखवली, दुसरी दाखवली, पेला उचलला... कोरडा. आतून ओलसुद्धा नव्हता. साजिदचा अर्धा प्यायलेला पेला तसाच होता, शेखरचाही.

कुणी हसलं नाही. साजिदने आपला पेला त्याच्यापुढे केला. अविनाशने तो दोन्ही हातांत धरला, डोळे पेल्यावरून काढलेच नाहीत, आणि तसाच ओठांपर्यंत नेला. मग त्याला ठसका लागला. त्याच्या ओठांवर वाळू होती. यान्बूची वाळू पांढुरकी असते. ही तांबडी होती.

साजिदने चिमटीत घेऊन पाहिली आणि म्हणाला, "ही तिथली आहे, वहिनी."

अविनाश ओठांवरची वाळू चाटत राहिला.

"मी ठेवलं नव्हतं," तो म्हणाला.

"काय ठेवलं नव्हतं, अविनाश?" मी पहिल्यांदाच 'दादा' गाळलं.

"तिसऱ्या खुणेवर पाणी. जीप वाळूत रुतली, मी कंटाळलो होतो. वाटलं, दोन ठिकाणच्या पाण्यावर पोरं कळ काढतील. खूण मात्र देऊन टाकली."

म्हणजे मंदार बरोबर जागी उकरत होता. शेवटपर्यंत बरोबर जागी.

मी साताऱ्याचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, आता हेच माझ्या आईला सांगा, शब्दन् शब्द. त्याने सांगितलं. घसा इतका कोरडा पडला होता की दोनदा सांगावं लागलं, आणि दोन्ही वेळा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

आई पलीकडे रडत होती. मग म्हणाली, "वैशू, तो अजून बसलाय का तिथे?"

"बसलाय."

"त्याला पाणी दे."

मला द्यायचं नव्हतं. पण आईचा शब्द. मी जग उचलला, पेला भरला. या वेळी पाणी पेल्यात राहिलं. अविनाश दोन्ही हातांनी घटाघटा प्यायला, शर्ट भिजवून घेतला, आणखी मागितलं.

ट्रेक झाला नाही. साजिदने पोलिसांत जबाब दिला, पण तोवर अविनाश एक्झिट व्हिसा घेऊन भारतात पोचला होता. पाणी कुठे जात होतं, वाळू कुठून आली... शेखरने, मी, सगळ्यांनी डोकं खाजवलं. केमिस्ट्रीत याला उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

एवढंच कळतं, की आईने पाणी द्यायला सांगितलं आणि मंदारने त्याला सोडून दिलं. मी अजून सोडलेलं नाही.