दत्तादाचं एपर्ने

फ्रान्स, शॅम्पेन, दुबईचं हॉटेल — एवढं ऐकल्यावर तुमच्या डोळ्यासमोर एखादी मडम आली असेल. येऊ दे. बसवा तिला बाजूला. ही गोष्ट दत्तादाची आहे, आणि माझ्या तीन शब्दांची. सात वर्षं कोणाला सांगितली नव्हती — बायकोलासुद्धा नाही. गेल्या शुक्रवारी बोलून टाकली, म्हणून आज तुम्हालाही सांगतो. हलकं वाटतंय हो. कशाला लपवू?

मी नकल्या. देवरुखच्या शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात मधली सुट्टी जाहीर केली होती — अख्खी शाळा बाहेर! दुबईत वेटर झालो तरी खोड गेली नाही. आमच्या बारचा फ्रेंच साहेब म्हणजे तर मला मेजवानीच. नाकातून बोलायचा. एपर्ने नावाच्या गावचा. केवढं गाव? आपल्या चिपळूणपेक्षा लहान — आणि शॅम्पेन पाठवतं जगभर. वर रस्त्यावर माणसं चालतात, खाली कोसच्या कोस तळघरात बाटल्या झोपलेल्या, असं तो सांगायचा.

दत्तादा माझा रूममेट. मालवणचा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. अल क्वोजला हॉटेलच्या स्टाफ बिल्डिंगमध्ये एका खोलीत आम्ही सहाजण. स्वतः थेंब न पिणारा माणूस, पण बाटली उघडावी तर त्यानेच. बूच घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची — आवाज फक्त एका उसाशाचा. मी उघडली की फटाका! साहेब म्हणायचा, दत्तारामने आमच्या गावात जन्मायला हवं होतं.

नव्व्याण्णव साली एका वेटरला पंधरा दिवस एपर्नेला शिकायला पाठवायचं ठरलं. जाणार कोण, हे सगळ्यांना माहीत होतं — साहेबाने दत्तादाला तसा शब्दच दिला होता. मग मी काय करायचो? कोपऱ्यावरच्या दुकानातून बिल्डिंगच्या फोनवर, साहेबासारखं नाकातून — "एलो, दात्ताराम? यू गो एपर्ने, यल्ला, क्विक!" तो पळत जाऊन बॅग काढायचा. एकदा नाही, तीनदा.

चौथ्यांदा साहेबानेच फोन केला.

दुपारची सुट्टी होती. मी इस्त्रीचे कपडे घेऊन आलो, तर दत्तादा पोट धरून हसतोय. "मेल्या, आज बरोबर पकडला तुला! तुझ्याच इंग्लिशात म्हटलं, मी नाय जाणार, खलास, तूच जा. आणि आपटला फोन. तूच होतास ना?"

मी फोन केलाच नव्हता. मला कळलं — तिथल्या तिथे, कपडे हातात असतानाच कळलं. साहेब अजून ऑफिसात असणार. दत्तादाने नुसतं जाऊन "सॉरी सर" म्हटलं असतं तरी... आणि मी काय म्हणालो?

"हो, मीच होतो."

दुसऱ्या दिवशी साहेबाने मला विचारलं, दत्ताराम असा का बोलला? मी खांदे उडवले. नाही म्हणणाऱ्याला परत विचारायची साहेबाला सवय नव्हती. त्याने माझं नाव लावलं. गेलो मी.

काय पाहिलं तिथे? पांढऱ्या खडूच्या भिंती, गारठा, लाकडी फळ्यांत उलट्या खोचलेल्या बाटल्या. एक म्हातारा एकेक बाटली रोज किंचित फिरवायचा. हात थेट दत्तादाचे. मी दुसरीकडे बघायचो. येताना दत्तादाला एका बुचावरची पत्र्याची टोपी आणली. त्याने तिला भोक पाडून किल्लीला लावली. सात वर्षं — कळतंय ना? — सात वर्षं ती माझ्यासमोर वाजत होती.

आता तो बायको-मुलांना घेऊन शारजाला राहतो. शुक्रवारी जेवायला बोलावलं होतं. वहिनींनी सुरमई वाढली, त्याने किल्ली टेबलावर टाकली, आणि मी सांगून टाकलं. साहेबाच्या आवाजात नाही, हेडमास्तरांच्या नाही. माझ्याच.

वाटलं, ताट भिरकावणार.

"फ्रान्स गेलं खड्ड्यात!" दत्तादा ओरडला. "साहेब नोकरी सोडून चालला तेव्हा माझ्यापुढे निरोपाचा हात केला होता त्याने. आणि मी मुद्दाम दोन्ही हातांत ट्रे धरून उभा राहिलो. शब्द न पाळणारा माणूस म्हणून!"

"अहो, त्याला जेवू तरी द्या," वहिनी म्हणाल्या.

"जेवू दे की. सात वर्षं त्या बिचाऱ्याला मनातून शिव्या घातल्या मी. सगळ्या तुझ्या होत्या, गाढवा! मान वर कर. आता एकेक ऐक."

हाताला लागलेलं कालवण वाळेपर्यंत ऐकल्या.