लग्नपत्रिकांचं जहाज

आमच्या धारूरला समुद्र नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण घरी येणारा प्रत्येक पाहुणा मला ते सांगतो. किल्ला आहे, घाट आहे, सीताफळं आहेत, आठवड्यातून एकदा नळाला येणारं पाणी आहे. अशा मुलखात मी जहाजं बांधतो. कागदाची. खरा समुद्र मी पाहिलेला नाही. भव्य पाणी म्हणून जे काही पाहिलं, ते पावसाळ्यातला कपिलधारचा धबधबा. तिथं जहाज सोडलं तर ते एकदाच जाईल, आणि वरून खाली.

सुरुवात मुलीच्या शाळेपायी झाली. तिला मापात बांधलेलं जहाज न्यायचं होतं. मोबाइलवर एक नमुना सापडला : तुकडे कापा, चिकटवा, जहाज तयार. मी तो झेरॉक्सच्या दुकानात नेला. दुकानदाराने डावी बाजू साध्या कागदावर काढली. मग त्याचा तो कागद संपला, म्हणून मला न विचारता त्याने उजवी बाजू मोठ्या कागदावर मोठी करून काढली. वर म्हणाला, "सर, मोठं काढून दिलंय, आठवण ठेवा." ठेवली. ते जहाज एका खांद्यावर पोतं घेतलेल्या हमालासारखं कायम एका बाजूला कललेलं राहिलं. मुलगी ते शाळेत न्यायला तयार होईना. ती आता पुण्याला शिकते, ते जहाज अजून टीव्हीशेजारी कललेलं आहे, आणि मला लागलेला नाद सुटलेला नाही.

जहाजाला जाड कागद लागतो. तो विकत आणायची गरज आमच्या जिल्ह्यात पडत नाही, कारण आमच्याकडे लग्नं होतात. लग्नपत्रिका म्हणजे काय चीज आहे, हे बाहेरच्यांना सांगून पटायचं नाही. पहिल्या पानावर गणपती, ग्रामदैवत, कुलदैवत. दुसऱ्या पानावर वधूवर, जागा उरली तर. तिसऱ्या पानावर यादी. निमंत्रक, स्वागतोत्सुक, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, आणि आशीर्वाद देण्यासाठी आपल्या अमूल्य वेळातून येणारे सगळे आजी, माजी आणि भावी. होय, भावी. निवडणूक अजून व्हायची असते, पण पत्रिकेत माणूस सरपंच होऊन गेलेला असतो. या यादीचा क्रम लावायला घरात आठ आठ दिवस बैठका बसतात. मुलगी बघायला एक दुपार पुरते.

मला त्या यादीशी घेणं नव्हतं. मी कागद बघायचो. बागायतदाराची पत्रिका जाड, तिचा जहाजाचा सांगाडा होतो. मास्तरांची मध्यम, ती डेकला. अगदी पातळ निघाली तर शिडाला. डोलकाठ्या खराट्याच्या काड्यांच्या, दोर शिलाईच्या काळ्या दोऱ्याचे, गोल खिडक्या ऑफिसच्या पंचिंग मशीनने पाडलेल्या. मी शाळेत क्लार्क आहे, तेवढाच सरकारी मालाचा अपहार. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. छापील बाजू नेहमी आत, कोरी बाजू बाहेर, म्हणजे जहाज पांढरंशुभ्र दिसतं. देवांची चित्रं तेवढी आधी कापून एका बिस्किटाच्या डब्यात ठेवायची, कारण देवाला कात्री लावायची माझी हिंमत नाही. डब्यात एवढे गणपती झाले आहेत, की घरात विघ्न यायलाच नको होतं.

आलं ते माझ्या मेव्हण्यांच्या रूपाने.

हे बायकोचे थोरले भाऊ. तिकडे कडा गावी राहतात. ऊस, जीप, आणि गावच्या राजकारणात बसायला हक्काची एक खुर्ची. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हाच्या पत्रिकेत तिसऱ्या पानावर सगळा तालुका होता आणि सख्ख्या बहिणीचं नाव नव्हतं. बायकोने बोट फिरवत ती यादी तीनदा वाचली. भाऊ म्हणाले, "यादी लांबली बाई, छापणाऱ्यानं खालची ओळ गाळली." ती लग्नाला गेली, अक्षता टाकल्या, आणि न जेवता परत आली. तेव्हापासून ना राखी, ना भाऊबीज. दर भाऊबीजेला ती ओवाळणीचं ताट मात्र काढते, घासते, आणि परत फळीवर ठेवते.

या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, मेव्हणे स्वतः दारात उभे राहिले. मुलाचं लग्न ठरलं होतं. बायको शेजारी कुरडया करायला गेली होती.

"बसा, चहा ठेवतो," मी म्हणालो.

"नगं दाजी, लई घाई हाय. अंबाजोगाईपतोर पत्रिका वाटत जायचंय. बाई न्हाई व्हय घरी?" त्यांनी जरा आत वाकून बघितलं. मग पत्रिका माझ्या हातात दिली. "ही तिच्या हातात द्या. आन् तिला म्हनावं, तिसरं पान बघ. बाकी काय बोलू नका. निस्तं तिसरं पान बघ म्हनावं."

हे त्यांनी दोनदा सांगितलं. माझे कान त्यांच्याकडेच होते. पण अंगठा पत्रिकेवर होता, आणि माझ्या शरीरात अंगठ्याचं चालतं. काय कागद होता! साईच्या रंगाचा, दुहेरी, वाकवला तर परत ताठ होणारा. मी आठ महिने हातभर लांबीचं एक जहाज बांधत होतो, आणि त्याचं वरचं डेक आणि जिना फक्त अशाच कागदासाठी अडले होते.

बायको आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत चिकाने भरलेले होते.

"तुझा दादा आलता."

ती थांबली. "बसला?"

"घाईत होता. पोराचं लग्न हाय. पत्रिका देऊन गेलाय."

"ठिवा तिकडं. मला काय बघायचीय? गेल्या बारीला बघितली की, डोळं भरून."

या ठिकाणी मी ते एक वाक्य बोलायला हवं होतं. तीन शब्दांचा निरोप होता. मी विसरलो. माझं डोकं डेकवर गेलं होतं. तारीख कॅलेंडरवर लिहिली, गणपती डब्यात टाकला, आणि दुपारी कात्री घेऊन बसलो. तिसऱ्या पानाचा जिना झाला. पायऱ्या गव्हाच्या दाण्याएवढ्या रुंद, एकेक वेगळी कापलेली. एवढा सुबक जिना मी आजवर केला नव्हता. मी तो बायकोला दाखवलासुद्धा. "बरा झालाय," ती म्हणाली.

चार दिवसांनी तिच्या भावजयीचा फोन आला. बायको भाजी निवडत होती, म्हणून फोन स्पीकरवर.

"वन्सं, बघितलं का तिसरं पान?"

"न्हाई बा. काय हाय त्याच्यात?"

"आता मी कावून सांगू? ह्येंनी छापखान्यात दोन चकरा मारल्या त्याच्यापायी. आमदार सायबांचं नाव खाली घेतलंय, तुमचं वर. सायबांची मानसं लई फुगून बसलीत. पर हे म्हनले, फुगू द्या."

फोन बंद झाला. बायकोने भाजीचं ताट बाजूला सारलं. "पत्रिका काढा की," ती म्हणाली. आवाज असा, की चार वर्षांत मी तो ऐकला नव्हता. जत्रेतून कुणी काय आणलंय ते विचारणाऱ्या पोरीचा.

मी शोधायला लागलो. कपाट शोधलं, गादीखाली शोधलं, पंचांगात शोधलं, धान्याच्या कोठीत हात घालून पाहिला. वस्तू नेमकी कुठं आहे हे शोधणाऱ्याला माहीत असलं, की शोधाला फार वेळ लागतो. मग ती स्वयंपाकघरात गेलेली बघून मी मोबाइलची बॅटरी लावली आणि जहाजाच्या गोल खिडकीतून आत डोकावलो. आतून माझ्याकडे 'कार्यसम्राट' बघत होते. त्यांच्या शेजारी एक माजी सभापती, त्यांच्या मांडीवर त्यांचेच कट्टर विरोधक. बाहेर जे लोक एका मांडवात बसत नाहीत, ते सहा वर्षांपासून माझ्या जहाजांच्या पोटात छातीला छाती लावून गुण्यागोविंदाने नांदत होते. बायकोचं नाव काही दिसेना.

"काय बघताय त्याच्यात?" मागून आवाज आला.

"पत्रिका जहाजात हाय."

"जहाजात ठिवली कावून?"

"ठिवली न्हाई. जहाजच पत्रिकेचं हाय."

ती खाटेवर बसली. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"एकदा त्यानं गाळलं, एकदा तुमी कापलं," ती शांतपणे म्हणाली. "माजं नाव म्हंजी काय दुधातली माशी हाय का?"

मी उपाय सुचवायला लागलो. मोबाइलवर बघू म्हणालो. मोबाइलवर पत्रिका आली होती, पण ती चित्रफीत. तीत गाणं लागतं, नेत्यांचे चेहरे फुलांतून एकेक करून उमलतात, आणि शेवटी घाईघाईत नवरा मुलगा दिसून जातो. नावांची यादी तीत नाही. मग म्हणालो, दादाकडून दुसरी पत्रिका मागवू.

"काय सांगून? मालकांनी माज्या नावाच्या पायऱ्या केल्या म्हनून?" ती म्हणाली. "लग्नात त्यो पयलं हेच इचारनार, बघितलं का. मला खोटं बोलता येत न्हाई. नाव बघितल्याबिगर मी त्या मांडवात जानार न्हाई. तुमी जा, अक्षता टाका, कागद गोळा करून आना."

एवढं बोलून ती परत भाजीकडे वळली. मी जहाजाकडे बघत बसलो. आठ महिने. मग तिच्या ताटाकडे बघितलं, फळीवरच्या. घासून घासून त्याची नक्षी गेली होती.

खळ कोरडी असताना ओढली तर कागद फाटतो. पाण्यात भिजवली तर सुटते. मी म्हणालो, "टब काढ." तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग टब काढला, आणि नळ येऊन दोनच दिवस झालेले असताना त्यात चार घागरी पाणी ओतलं. धारूरला याहून मोठा त्याग मला माहीत नाही, माझा धरूनसुद्धा.

मी जहाज दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवलं. माझं कुठलंही जहाज याआधी पाण्याला लागलेलं नव्हतं. ते तरंगलं. ताठ, सरळ, कुठंही न कलता.

"तरंगतंय की वो," बायको म्हणाली. तिलाही ते अपेक्षित नसावं.

आम्ही दोघं गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिलो. मग मागची बाजू जड झाली, डेक फुगलं, डोलकाठ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि जहाज आपल्या सगळ्या मान्यवरांसह खाली गेलं. थोड्या वेळाने मान्यवर एकेक करून वर आले. असं आमच्याकडे नेहमीच होतं.

बायको चिमटीने तुकडे उचलून ताटात लावायला लागली. तेच ताट, ओवाळणीचं.

"हे कोन?"

"संचालक."

"हे?"

"युवा नेते. आपल्या पोरीच्या आजोबाच्या वयाचे हायेत."

"आन् हे भावी?"

"त्यांना पान्यातच राहू दे."

ती हसली, तोंड वळवून. जिना सगळ्यात शेवटी सुटला. पायऱ्या सुट्या झाल्या आणि एकेका पायरीच्या पोटाशी एकेक अक्षर निघालं. तिने ती पोळपाटावर जुळवली. आधी 'सौ.', मग तिचं नाव, मग माझं, मग आडनाव. एक अक्षर सापडेना. टब ढवळला, पाणी गाळलं. शेवटी ते माझ्या मनगटावरच्या केसांत चिकटलेलं दिसलं. तिने ते नखाने अलगद उचललं आणि जागेवर ठेवलं.

नावाच्या खाली, प्रत्येक पट्टीच्या काठाला, पुढच्या ओळीच्या अक्षरांचे वरचे तुकडे आले होते. जाड, सोनेरी. साहेब. खरोखरच खाली.

तिने त्या सोनेरी काठावरून बोट फिरवलं. बराच वेळ. मग म्हणाली, "कागद चांगला वापरलाय दादानं."

लग्नात मेव्हणे फेटा सावरत समोर आले. भोवती साहेबांची माणसं, भोंग्यावर कुणाचं तरी स्वागत चाललेलं. त्यांनी बहिणीकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "बघितलं का?"

"बघितलं. एकेक अक्षर हातात घिऊन बघितलं."

मेव्हण्यांनी मान हलवली आणि लगेच वळून वाढप्यांवर खेकसले, "आरं पंगतीला पानी कुठंय, बे?" पंगतीत पाणी भरपूर होतं. बायको त्या दिवशी पहिल्या पंगतीला बसली आणि दोनदा बुंदी मागून घेतली.

तिचं नाव आता बिस्किटाच्या डब्यात आहे, गणपतींच्या सोबत. आणि घरात नवा नियम आलाय. पत्रिका आधी तिच्या हातात जाते. ती पहिलं पान उलटते, दुसरं उलटते, आणि तिसऱ्यावर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत वाचते. यादीत घरातल्या बहिणीचं, आत्याचं नाव सापडलं तर ती पत्रिका तिच्या ट्रंकेत जाते, कात्री लावायची नाही. नाही सापडलं तर ती पत्रिका माझ्याकडे सरकवते.

मी नवं जहाज बांधायला घेतलंय, बुडालेल्यापेक्षा मोठं. कागद कमी पडेल अशी भीती होती. अजून पडलेला नाही.